चळवळीत राबतात स्त्रिया, शिष्टमंडळात मात्र पुरुष: अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्यातून आपण काय घ्यावे?

अंत्रुजवासी (फोंडा) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावात मुंडकारांच्या (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्यांच्या) घरांच्या नोंदणीसाठी काही वर्षांपासून एक लहान समिती काम करते. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराच्या घराला संरक्षण दिले, तरी नोंदणीचे अर्ज मामलेदार कचेरीत तारखांमागून तारखा घेत कसे पडून राहतात, हे गोव्यातील वाचकांना मी सांगायला नको. समितीत घरोघरी फिरून कागद गोळा करणे, सह्या घेणे, वृद्ध अर्जदारांना तारखेला कचेरीत घेऊन जाणे, सभेच्या दिवशी सतरंज्या अंथरण्यापासून चहापर्यंत सगळे पाहणे ही कामे बहुतेक स्त्रियाच करतात. निवेदन घेऊन मामलेदारांना किंवा आमदारांना भेटायला जाणारे शिष्टमंडळ मात्र दर वेळी पुरुषांचे असते. याविषयी कोणी कधी भांडले नाही, कारण ते तसेच असायचे, असे सगळ्यांनी, आम्हा स्त्रियांनीसुद्धा, धरून चालले आहे.

आमच्या वाचन मंडळात सध्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीवर चर्चा चालू आहे. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांना बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे, म्हणून त्यांनी बसवर बहिष्कार घातला. त्याची कथा आपण शाळेपासून, जागा सोडायला नकार देऊन अटक झालेल्या रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग या दोन नावांनी ऐकतो. प्रत्यक्षात बहिष्काराची हाक देणारी पत्रके पार्क्स यांच्या अटकेच्या, म्हणजे १ डिसेंबर १९५५ च्या, रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने आपल्या महाविद्यालयातील यंत्रावर छापली. ज्या विमेन्स पोलिटिकल कौन्सिलच्या त्या अध्यक्ष होत्या, तिने बसमधील अपमानाचा प्रश्न आधीपासून लावून धरला होता; मे १९५४ मध्येच रॉबिन्सन यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता कळवली होती. ५ डिसेंबरला बहिष्कार यशस्वी झाला, त्याच दिवशी नवी संघटना उभी राहिली आणि तिच्या अध्यक्षपदी सव्वीस वर्षांचे किंग निवडले गेले. त्या संध्याकाळच्या सभेत रोझा पार्क्स यांची लोकांना ओळख करून देण्यात आली, परंतु त्यांचे भाषण झाले नाही.

माझा प्रश्न असा आहे. स्त्रियांना मागे ठेवले गेले ते केवळ पुरुषांच्या पूर्वग्रहामुळे, की चळवळीची बांधणीच अशी होती की पुढे येणारा माणूस पुरुषच असणार? आणि तेथील स्त्रियांनी हे बदलण्यासाठी काही केले असेल, तर त्यातले आमच्यासारख्या लहान समितीला उपयोगी पडेल असे काय आहे? समिती फुटावी अशी माझी मुळीच इच्छा नाही.

दक्षिणतीर (मडगाव)

आपण दिलेले दोन्ही पर्याय खरे आहेत, पण ते एकमेकांपासून वेगळे करून पाहिले पाहिजेत, कारण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

प्रथम बांधणीचा भाग पाहू. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय समाजाची स्वतःची म्हणावी अशी, गोऱ्यांच्या मालकीबाहेरची मोठी संस्था एकच होती, ती म्हणजे चर्च. सभेला जागा, निधीसाठी थैली आणि ऐकायला जमणारा समाज तिच्याकडे होता. धर्मोपदेशकाचा पगार त्याची मंडळी देत असे, त्यामुळे गोऱ्या मालकाला त्याला कामावरून काढता येत नव्हते. रॉबिन्सन मात्र अलाबामा राज्याच्या पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयात शिकवत होत्या. पत्रकावर त्यांचे नाव आले असते तर नोकरीबरोबर महाविद्यालयही अडचणीत आले असते, म्हणून त्या जाणीवपूर्वक मागे राहिल्या, आणि तरीही १९६० मध्ये त्यांना ते महाविद्यालय सोडावेच लागले. सेप्टिमा क्लार्क यांचे उदाहरण याहून कठोर आहे. १९५६ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याने सरकारी नोकरांना एन-डबल-ए-सी-पी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सदस्य राहण्यास बंदी केली. क्लार्क यांनी सदस्यत्व सोडायला नकार दिला आणि सुमारे चाळीस वर्षांची शिक्षिकेची नोकरी गमावली.

जॉर्जिया गिलमोर या माँटगोमेरीतल्या स्वयंपाकीण बाईंची गोष्ट मला या संपूर्ण इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. किंग यांच्यावरील खटल्यात त्यांनी साक्ष दिली आणि त्यांची उपाहारगृहातील नोकरी गेली. त्यांनी इतर स्त्रियांना जमवून घरी बनवलेले केक, इतर गोड पदार्थ आणि जेवणाचे डबे विकून बहिष्काराच्या वाहनांसाठी पैसे उभे केले. त्या मंडळाचे नावच ‘कुठूनच नाही’ अशा अर्थाचे ठेवले होते, कारण त्यातील अनेक जणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या आणि पैसे कोठून आले असे कोणी विचारले तर कोणाचेही नाव सांगावे लागू नये, अशी ती योजना होती. ३८१ दिवस चाललेल्या त्या बहिष्कारात माणसे कामावर नेणाऱ्या गाड्यांचे पेट्रोल अशा पैशांतून भरले गेले. हे अनामिक राहणे त्या स्त्रियांनी विचार करून निवडले होते.

आता पूर्वग्रहाचा भाग. नोकरीच्या धोक्याचे कारण सगळीकडे लागू पडत नाही, हे २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाने दाखवून दिले. त्या दिवशी देशभरातील छायाचित्रकारांसमोर, राजधानीत, उघड्या मैदानावर भाषणे होणार होती. लपण्याचे कोणालाच कारण नव्हते. तरीही प्रमुख वक्त्यांच्या यादीत एकाही स्त्रीचे नाव नव्हते. आयोजन समितीतील एकमेव स्त्री अ‍ॅना हेजमन यांनी लेखी आक्षेप घेतला. वकील पॉली मरे यांनीही घेतला. नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेनच्या अध्यक्ष डोरोथी हाइट यांनीही आग्रह धरून पाहिला. त्यावर लढ्यातील स्त्रियांना मानवंदना देण्याचा एक छोटा कार्यक्रम ठेवला गेला आणि त्यात आर्कान्सा राज्यातील कार्यकर्त्या डेझी बेट्स यांना काही वाक्ये बोलायला मिळाली. मोर्चातही पुरुष नेते एका रस्त्याने आणि स्त्रिया दुसऱ्या रस्त्याने चालल्या. मोर्चानंतर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना भेटलेल्या शिष्टमंडळात एकही स्त्री नव्हती. आपल्या गावातील शिष्टमंडळाविषयी वाचताना मला हेच आठवले.

म्हणून समितीत आधी हे तपासावे, की कोणत्या स्त्रिया स्वतःच्या सुरक्षिततेसाठी मागे राहतात आणि कोणत्या केवळ विचारले न गेल्यामुळे. दुसऱ्या प्रकारच्या स्त्रियांना उद्याच्या शिष्टमंडळात घेण्यासाठी कोणत्याही इतिहासाची गरज नाही.

म्हापसेकर, निवृत्त शिक्षक

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु एका गोष्टीवर मला वेगळे म्हणायचे आहे. पडद्यामागच्या कामाचा गौरव आपण इतका करतो की त्या गौरवामुळेच ते काम पडद्यामागे राहते. गिलमोरबाईंचे कौतुक मनापासून करावे, पण व्यासपीठाची किंमत कमी लेखू नये. जी व्यक्ती सर्वांसमोर उभी राहून बोलते, तिचेच नाव वर्तमानपत्रात, सरकारी फायलीत आणि पुढे पाठ्यपुस्तकात जाते.

आपल्या गोव्याचा दाखला घ्या. १८ जून १९४६ ला लोहियांनी मडगावात सभा घेतली हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याच जून महिन्यात मडगावात वत्सला कीर्तनी यांना अटक झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? एप्रिल १९५५ मध्ये आमच्या म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवा या संघटनेचे अधिवेशन भरले. तेव्हा पोर्तुगीज पोलीस अटक करणार हे निश्चित असताना अध्यक्षपद सुधाताई जोशी यांनी स्वीकारले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. मित्रा काकोडकर, ज्या पुढे मित्रा बीर झाल्या, त्यांना बारा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाई यांच्यासह १९५५ पासून मुक्तीपर्यंत सरहद्दीवरच्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवले आणि मुक्तीची वार्ताही त्यांनी विमानातून गोव्याला सांगितली. या स्त्रिया मागे नव्हत्या. ज्या खुर्चीवर बसल्यावर तुरुंगात जावे लागत होते, ती खुर्ची त्यांना मिळाली.

खुर्चीबरोबर सत्ता येऊ लागली तेव्हा चित्र बदलले, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. शशिकलाताई काकोडकर १९७३ ते १९७९ या काळात मुख्यमंत्री होत्या आणि त्यांच्या कारकिर्दीचा आम्हा शिक्षकांना आदर आहे. परंतु त्यांच्यानंतर गोव्याला स्त्री मुख्यमंत्री लाभली नाही, आणि २०२२ च्या निवडणुकीत चाळीस जणांच्या विधानसभेत तीनच स्त्रिया निवडून आल्या. पंचायतीत आरक्षण आहे म्हणून तेथे स्त्रिया दिसतात. जेथे कायद्याने जागा राखलेली नाही, तेथे त्या कोठे आहेत, ते पाहावे.

तेव्हा शिष्टमंडळाचा प्रश्न किरकोळ समजू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मामलेदारांच्या समोरच्या खुर्चीवर कोण बसते, यावरून कचेरीतील कारकून ठरवतो की पुढच्या वेळी माहिती कोणाला द्यायची.

सत्तरीची लेक (वाळपई)

सरांचे म्हणणे मला पटते, पण पुढे येणारी स्त्री कोणती, हाही प्रश्न विचारला पाहिजे. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने त्याच शहरात बसमधील जागा सोडायला नकार दिला होता आणि तिला अटक झाली होती. तिच्या प्रकरणावरून लढा उभारायचा नाही, असे नेत्यांनी ठरवले. तिचे वय लहान, घर गरीब वस्तीतले, आणि पुढे ती लग्नाआधी गरोदर राहिली. समाजासमोर ठेवायला त्यांना शांत, कामसू, निष्कलंक चारित्र्याची प्रौढ स्त्री हवी होती. पार्क्स तशा होत्याच, पण त्यांची तेवढीच प्रतिमा पुढे चालवली गेली. त्या अनेक वर्षे एन-डबल-ए-सी-पीच्या माँटगोमेरी शाखेच्या चिटणीस होत्या आणि १९४४ मध्ये रेसी टेलर या तरुणीवर झालेल्या सामूहिक बलात्काराची चौकशी करायला त्या अ‍ॅबेव्हिल या गावी गेल्या होत्या, हे कथेतून गळून पडले. दमलेली शिंपीण एवढीच काय ती उरली.

शेवटी बसमधील वंशभेद ज्या दाव्याने कायद्याने संपला, त्यात वादी म्हणून चार स्त्रिया होत्या: ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि तीच क्लॉडेट कोल्विन. जिला चेहरा म्हणून नाकारले, तिच्या साक्षीचा न्यायालयात उपयोग झाला.

आमच्याकडेही समितीने एखादी स्त्री पुढे केलीच, तर ती पदवीधर, पोर्तुगीज काळातले जुने कागद वाचता येणाऱ्या घरातली आणि कचेरीत इंग्रजीत बोलू शकणारी असते. गावडा किंवा धनगर वाड्यावरची बाई, जिचे घर खरोखर धोक्यात आहे, ती तेव्हाही बाहेर बाकावरच बसलेली असते. फॅनी लू हेमर मिसिसिपीतल्या मळ्यावर खंडाने राबणाऱ्या होत्या. ३१ ऑगस्ट १९६२ ला त्या मतदार नोंदणीसाठी गेल्या म्हणून अठरा वर्षे काम केलेल्या मळ्यावरून त्यांना त्याच दिवशी घालवून देण्यात आले, आणि पुढच्या वर्षी विनोना येथील तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. २२ ऑगस्ट १९६४ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी या छळाविषयी जे सांगितले, ते त्यांच्या जागी कोणताही शिकलेला माणूस सांगू शकला नसता.

अंत्रुजवासी (फोंडा)

सर्वांचे आभार. एक गोष्ट स्पष्ट करते. आमच्या समितीतील पुरुष वाईट नाहीत. ते रोजंदारी बुडवून येतात. अडचण अशी आहे की बैठक रात्री नऊला देवळाच्या सभामंडपात होते, ती वेळ स्त्रियांची घरी जेवणे वाढण्याची असते, आणि शिष्टमंडळात कोण जाणार ते तेथेच ठरते. म्हणजे आम्हाला कोणी नाही म्हणत नाही, आम्ही तेथे नसतोच. हे बदलण्याविषयी कोणी लिहील काय?

दक्षिणतीर (मडगाव)

बैठकीची वेळ आपण सांगितलीत, त्यामुळे माझ्या दृष्टीने प्रश्नाचे मूळ सापडले. येथे एला बेकर यांचे काम पाहावे.

बेकर १९४० च्या दशकात एन-डबल-ए-सी-पीच्या कार्यकर्त्या म्हणून दक्षिणेत गावोगाव फिरल्या होत्या. पुढे किंग यांच्या साउदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सचे कार्यालय त्यांनी अटलांटात उभे केले आणि चालवले, पण त्या संघटनेचे कायम कार्यकारी संचालकपद त्यांना मिळाले नाही. १९६० मध्ये ते एका धर्मोपदेशकाला दिले गेले. सेप्टिमा क्लार्क यांनीही नंतर सांगितले आहे की त्या संघटनेच्या कार्यकारी मंडळात त्या कशासाठी आहेत, अशी विचारणा तेथील एक ज्येष्ठ नेते पुनःपुन्हा करत असत. बेकर यांनी मात्र आपल्यासाठी वेगळी खुर्ची मागण्यात शक्ती घालवली नाही. एप्रिल १९६० मध्ये त्यांनी उपाहारगृहांतील धरणे आंदोलनात उतरलेल्या विद्यार्थ्यांना रॅली येथील शॉ विद्यापीठात एकत्र बोलावले. त्या विद्यार्थ्यांनी मोठ्या संघटनेची युवा शाखा व्हावे, असे ज्येष्ठांना वाटत होते. त्यांनी स्वतंत्र राहावे, असा सल्ला बेकर यांनी दिला. त्यातून जी विद्यार्थी समन्वय समिती जन्मली, तिच्यात एका नेत्याच्या शब्दावर काम चालत नसे. सगळे बोलून एकमत होईपर्यंत बैठका लांबत. पुढच्याच वर्षी, मे १९६१ मध्ये, बसप्रवासातील वंशभेद मोडण्यासाठी गोऱ्या-काळ्यांनी एकत्र प्रवास करण्याचे सत्याग्रह हिंसाचारामुळे थांबण्याची वेळ आली, तेव्हा नॅशव्हिलहून नवी तुकडी पाठवण्याचे काम डायन नॅश या तेवीस वर्षांच्या तरुणीने हाती घेतले. निर्णय जेथे होतो ती जागाच खुली असल्यामुळे तिला कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

क्लार्क यांनी दुसरा मार्ग धरला. साउथ कॅरोलायनात मतदार होण्यासाठी वाचनाची परीक्षा द्यावी लागे. जानेवारी १९५७ मध्ये जॉन्स बेटावर एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत पहिला नागरिकत्व वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन या व्यवसायाने केशभूषाकार होत्या. त्यांचे गिऱ्हाईक कृष्णवर्णीय असल्यामुळे कोणी गोरा मालक त्यांची रोजी काढून घेऊ शकत नव्हता. वर्गात सही करणे, मनीऑर्डर भरणे, मागणीपत्रक भरणे आणि राज्याच्या घटनेतील उतारा वाचणे शिकवत. जी बाई असा वर्ग घेऊ लागे, तिला गावात आपोआप मान मिळे, कारण लोक अडचणीला तिच्याकडेच येत. हे वर्ग पुढे दक्षिणेत सर्वत्र पसरले आणि शिकवणाऱ्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या.

एवढे लिहून हेही सांगितले पाहिजे की खुल्या बांधणीनेही सगळे सुटत नाही. त्याच विद्यार्थी समितीत नोव्हेंबर १९६४ मध्ये, मिसिसिपीतील वेव्हलँड येथील बैठकीत, काही स्त्रियांनी निनावी टिपण मांडले, की अनुभवी कार्यकर्त्या असूनही टंकलेखन आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम त्यांच्याकडेच येते. बैठकीतील पुष्कळांनी ते गंभीरपणे घेतले नाही. म्हणून कामाच्या वाटपाकडे डोळसपणे आणि वारंवार पाहावे लागते.

आपल्या समितीसाठी मी इतकेच सुचवीन. बैठक रविवारी दुपारी, ग्रामसभेच्या आसपासच्या वेळेत घ्यावी. ज्या अर्जाची तारीख आहे त्याचे कागद ज्या व्यक्तीने जमवले, तिनेच शिष्टमंडळात बोलावे, असा साधा नियम करावा. त्यात स्त्री-पुरुष हा शब्दही येत नाही आणि कोणाला विरोध करता येत नाही. आणि अर्ज भरण्याचा वर्ग स्त्रियांनी चालवावा.

म्हापसेकर, निवृत्त शिक्षक

अर्ज भरण्याचा वर्ग घेणार असाल तर मी रविवारी यायला तयार आहे. मात्र शिकवण्याचे काम तिसऱ्या रविवारच्या वर्गापासून गावातल्याच कोणा ताईंनी हाती घ्यावे. आणखी एक सूचना: अर्जात घर कोणाच्या नावावर मागितले आहे, ते तपासा. सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने अर्ज गेला असेल, तर हयात असलेल्या स्त्रियांची नावे त्यात यावीत यासाठी वकिलाचा सल्ला आताच घ्या, नंतर ते अधिक कठीण होते.

अंत्रुजवासी (फोंडा)

कागद जमवणाऱ्या व्यक्तीनेच बोलावे, हा नियम मी येत्या बैठकीत मांडते. वेळ बदलण्याचे दोन ज्येष्ठ सदस्यांशी बोलणे झाले आहे आणि त्यांना काही अडचण वाटत नाही.

गिलमोरबाईंविषयी वाचल्यावर मी आमच्या वाड्यावरच्या स्त्रियांना एकेकटीला भेटून विचारले. त्यातील काही जणी ज्या भाटकाराच्या जमिनीवर राहतात, त्याच्याच कुळागरात सुपारी सोलायला आणि पाणी घालायला जातात. त्या सह्या जमवतात, पैसे देतात, परंतु कचेरीत त्याच्याविरुद्ध उभ्या राहायला तयार नाहीत, आणि आपले नाव इतिवृत्तातही नको, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. सरांच्या म्हणण्याप्रमाणे नाव नोंदले जायला हवे हे खरे आहे, तरीही यांच्या बाबतीत मी तसे करणार नाही. निर्णयातला त्यांचा वाटा बैठकीत मोजला जावा, यासाठी बैठकीआधी त्यांचे मत घेऊन ते त्यांच्या नावाशिवाय मांडण्याची जबाबदारी आम्ही दोघी घेत आहोत. ज्यांना बोलायचे आहे अशा पाच जणी निघाल्या आहेत. त्यांतील दोघींची शाळा चौथीत सुटली, आणि पुढच्या तारखेचे शिष्टमंडळ त्या दोघींपासून सुरू करावे, असा माझा प्रस्ताव राहील.